मिस्टर मेहमेत की मिस्टर यिल्माझ? पुरुषांच्या नावाला लागणारी आदराची उपपदं

बॅलार्डपिअर

मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजन्सीत पत्रव्यवहार पाहते. जहाज मुंबई किंवा न्हावाशेव्याला लागण्याआधी कॅप्टन, मालक, चार्टरर, सर्व्हेअर अशा सगळ्यांना मेल जातात आणि एकाच यादीत तुर्की, डच, जर्मन, म्यानमारी, जपानी, तमिळ, गोव्याची नावं येतात. या यादीत बाई क्वचितच असते, म्हणून प्रश्न पुरुषांपुरताच विचारते.

ऑफिसात नुकताच लागलेला एक मुलगा 'डिअर मिस्टर मेहमेत' असं लिहितो. वरिष्ठांचं म्हणणं, मिस्टरच्या पुढे आडनावच हवं, नुसतं पहिलं नाव घालणं अडाणीपणाचं दिसतं. इंग्रजीपुरता नियम तोच आहे, यात वाद नाही. पण मला त्या मुलाची बाजू मांडायची आहे. तो मराठी माध्यमात शिकलाय. आपल्याकडे आदर पहिल्या नावाला लागतो: माधवराव, गोविंदपंत. 'राव जोशी' असं कुणी म्हणत नाही. गुजरातीत भाई, बंगालीत बाबू, तेही पहिल्या नावालाच. गोव्याचे आमचे खलाशी एकमेकांना 'बाब' म्हणतात, ते नावाच्या आधी येतं, पण तेही पहिल्याच नावाच्या. तेव्हा 'मिस्टर मेहमेत' मागे आपल्या भाषांची रीत आहे. गंमत नाही, खरंच सांगते, तो तुर्की कॅप्टन घरी 'मेहमेत बे' असंच ऐकत असणार.

माझं मत असं, की सगळ्या जगाला इंग्रजीचा एकच साचा लावू नये. ज्याच्या भाषेत मान जिथे लागतो तिथेच तो द्यावा. यासाठी ऑफिसात एक टिपण करायचं मनात आहे. ज्यांना जी भाषा नीट माहीत आहे त्यांनी लिहा.

गिरगावकर

ताई, इंग्रजीत सुद्धा एक उपाधी पहिल्या नावालाच लागते. नाइटहूड मिळालेल्याला 'सर' म्हणतात ते पहिल्या नावासकट. सर फिरोजशहा चालतं, नुसतं 'सर मेहता' म्हणजे चूक. आपल्या मुंबईत याची उदाहरणं रस्तोरस्ती आहेत. महापालिकेसमोर सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे, फोर्टात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. सर जमशेटजी जीजीभॉय हे नाइटहूड मिळालेले पहिले भारतीय, साल १८४२. पुढे १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट केलं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा किताब. आणि नंतर असा कायदा झाला की हा किताब ज्याच्याकडे येईल त्याने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं. किताबाबरोबर माणसाचं नावही वारशात आलं! 'सर जे. जे.' म्हणताना आपण त्यातलं 'सर' किती सहज उच्चारतो, ते नावाचाच भाग होऊन बसलंय.

आता शाळेत या. तिथे 'कुलकर्णी सर'. आडनाव आधी, सर नंतर. शब्द इंग्रजांचा, पण बसवला आपण 'जोशीबुवा', 'देशमुखसाहेब' यांच्या चालीवर.

नाना शंकरशेट यांच्या बाबतीत तर 'शेट' नावात कायमचं मुरलं. त्यांचं मूळ आडनाव मुरकुटे हे आज किती जणांना ठाऊक आहे?

अमेय_गोरेगाव

विषय चांगला आहे, पण मला वेगळाच प्रश्न पडतो. हवीत कशाला ही उपपदं? आमच्या आयटी कंपनीत मॅनेजरपासून नवख्यापर्यंत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि कामाला त्याने मोकळेपणा येतो. स्वीडनमध्ये पूर्वी समोरच्याशी बोलताना त्याचा हुद्दा घेऊन तृतीय पुरुषात बोलायची पद्धत होती, 'डायरेक्टर कॉफी घेणार का' अशी. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेद नावाचे अधिकारी तिथल्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी जाहीर केलं की मी सगळ्यांना 'तू' म्हणणार. काही वर्षांत सगळा देश 'तू' वर आला. आइसलँडमध्ये पंतप्रधानालाही पहिल्या नावानेच बोलवतात. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाने तर सतराव्या शतकातच उपाध्या सोडल्या, देवापुढे सगळे सारखे म्हणून. अमेरिकेत वॉल स्ट्रीट जर्नलने २०२३ मध्ये बातम्यांतलं मिस्टर काढून टाकलं.

माणूस मोठा असेल तर त्याच्या नावानेच मोठा असतो.

मुद्रितशोधक

अमेय, तुमचं म्हणणं इंग्रजीत चालेल. मराठीत उपपद काढलं तरी सुटका नाही, कारण आपला खरा मान क्रियापदात असतो. मी आयुष्य मराठी वृत्तपत्रांच्या मुद्रितशोधनात घालवलंय, त्यामुळे याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

बातमीत 'श्री.' लिहायचं बहुतेक दैनिकांनी केव्हाच सोडलं. सुरुवातीला जुन्या वाचकांना ते खटकत असे. पण 'मुख्यमंत्री म्हणाले', 'अध्यक्ष आले', 'न्यायमूर्तींनी सांगितले' हे कुणी सोडलेलं नाही. एकच माणूस, क्रियापद मात्र अनेकवचनी. आता खेळाचं पान काढा. 'तो पहिल्याच षटकात बाद झाला', 'त्याने शतक झळकावले'. मैदानावरचा खेळाडू एकवचनी. तोच खेळाडू निवृत्त होऊन निवड समितीवर गेला की पहिल्या पानावर 'ते म्हणाले' होतो. न्यूयॉर्क टाइम्समध्येही बातम्यांत मिस्टर लावतात आणि खेळाच्या पानावर लावत नाहीत, म्हणजे हा विचार त्यांच्याकडेही झालेला दिसतो.

सगळ्यात अवघड जागा गुन्ह्याच्या बातमीची. 'आरोपी पळून गेला' असं लिहितात. आरोप सिद्ध झालेला नसतो, तरी अटक होताच माणसाचं अनेकवचन जातं. कालपर्यंत नगरसेवक 'म्हणाले', आज 'त्याला पकडले'. आणि आरोपी वजनदार असेल तर 'त्यांना अटक करण्यात आली'. रिक्षावाला असेल तर पहिल्या ओळीपासून 'तो'. मी डेस्कवर याबद्दल अनेकदा बोललोय. मिस्टर लावावं की नाही यापेक्षा मराठीत हा प्रश्न फार मोठा आहे. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत तरी एकाच खटल्यातल्या दोन आरोपींना दोन वेगळी क्रियापदं लावू नयेत.

उलट बाजूही आहे. आपल्याला जे सगळ्यात जवळचं त्याला आपण एकवचनच देतो. विठोबा 'तू', आई 'तू'. तुकोबा अभंगाच्या शेवटी स्वतःला 'तुका म्हणे' म्हणतात, नामदेव 'नामा म्हणे'. स्वतःच्या नावातलंही ते काढून टाकतात आणि लोक त्यांना तुकोबाराय करतात. मान दुसऱ्याने द्यायचा, स्वतः घ्यायचा नाही, हा आपला संकेत यात स्पष्ट दिसतो. त्यामुळे स्वतःच्या दारावर 'श्री. अमुक तमुक' अशी पाटी लावणं मला पटत नाही. पाटीवर नुसतं नाव असावं.

पेठेतून_ठाण्यात

मुद्रितशोधक काका, +१. आरोपींच्या क्रियापदाचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता.

अनुवादिनी

ताई, जर्मन आणि तुर्की मी कामासाठी वापरते, बाकीचं अनुवादाच्या निमित्ताने कळलेलं.

तुर्की: तुमचा अंदाज बरोबर आहे. रोजच्या बोलण्यात पहिलं नाव आणि पुढे 'बे': मेहमेत बे. कॅप्टनला 'मेहमेत काप्तान' असंही म्हणतात. १९३४ मध्ये तिथे कायद्याने सगळ्यांना आडनाव घ्यायला लावलं आणि त्याच वर्षी एफेंदी, बे, पाशा या पदव्या रद्द केल्या. आडनावाच्या आधी लावायला 'बाय' असा नवा शब्द आणला. कागदोपत्री तो आला, पण माणसांच्या तोंडून 'बे' गेला नाही. औपचारिक पत्रात 'सायिन' आणि पुढे आडनाव लिहितात. म्हणून मेलच्या सुरुवातीला तुमच्या वरिष्ठांचं 'मिस्टर यिल्माझ' योग्य, आणि फोनवर तुमच्या नव्या मुलाचं 'मेहमेत बे' योग्य. दोघंही आपापल्या जागी.

जर्मन: 'हेर' आणि आडनाव. डॉक्टरेट असेल तर 'हेर डॉक्टर' आणि आडनाव, ती वगळलेली लोकांच्या लक्षात येते. पाकिटावर 'हेर' चं रूप 'हेर्न' होतं, कारण 'अमुक यांना' असा अर्थ तिथे धरलेला असतो. ऑस्ट्रियात हे आणखी काटेकोर आहे. तिथे १९१९ मध्ये सरदारकी कायद्याने संपवली, नावातलं 'फॉन' सुद्धा काढायला लावलं, पण शिक्षणाच्या पदव्या नावाआधी लावायची हौस कमी झाली नाही.

डच: इथे जपा. डच माणसाच्या नावाआधी लहान अक्षरांत 'एम आर' आणि टिंब दिसलं तर तो मिस्टर नाही. ती कायद्याची पदवी आहे, 'मेस्टर' चं लघुरूप. साध्या गृहस्थाला 'दे हेअर' लिहितात. रॉटरडॅमच्या वकिलाचं कार्ड पाहून कुणी 'मिस्टर' समजलं तर अर्थच बदलतो.

फ्रेंच: 'मस्यू' चं लघुरूप नुसतं एम आणि टिंब. एम आर लिहिलं तर ते इंग्रजी होतं. क्रांतीच्या काळात, १७९२ नंतर, मस्यू काढून 'सितोयाँ' म्हणजे नागरिक म्हणायला लावलं होतं, ते टिकलं नाही.

म्यानमार: यांना आडनाव नसतंच. वडीलधाऱ्याला 'ऊ', बरोबरीच्याला 'को', लहानाला 'माउंग'. संयुक्त राष्ट्रांचे १९६१ ते १९७१ या काळातले महासचिव ऊ थांट, त्यांच्यातला 'ऊ' म्हणजे आपलं 'श्री' च, नाव नुसतं थांट. तुमच्या यादीत 'ऊ' ने सुरू होणारं नाव दिसलं की त्याला आणखी मिस्टर लावायची गरज नाही.

जपानी: आडनावाच्या पुढे 'सान', लेखी आणि जास्त आदराने 'सामा'. इंग्रजी मेलमध्येही 'डिअर तानाका-सान' चालतं आणि त्यांना ते आवडतं. स्वतःच्या नावाला कधीच लावत नाहीत. शिवाय गिऱ्हाइकाशी बोलताना आपल्याच साहेबांचा उल्लेख करायचा तर त्यांच्याही नावाला सान लावत नाहीत, कारण तिथे साहेब 'आपल्यातले' आणि गिऱ्हाईक 'बाहेरचं'. मुद्रितशोधक काकांनी लिहिलेला संकेत त्यांनी ऑफिसभर पसरवलाय म्हणा.

बॅलार्डपिअर

अनुवादिनी, खूप आभार. डच 'एम आर' ची नोंद आजच सगळ्यांना पाठवते.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. जहाजाच्या कागदपत्रांत कॅप्टनला 'मास्टर' म्हणतात. पत्राचा पत्ता 'द मास्टर' आणि पुढे जहाजाचं नाव असा असतो, आणि आतली सुरुवात 'डिअर कॅप्टन' आणि आडनाव. मिस्टर हे या मास्टरचंच बदललेलं रूप. जहाजावर मात्र दोन्ही शब्द नांदतात: सर्वांच्या वर मास्टर, आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना मिस्टर.

वर्सोवा_कोळीवाडा

आमच्याकडे होडीचा मालक तो नाखवा आणि दर्यात होडी चालवणारा तो तांडेल. हाक मारताना हेच म्हणायचं, नाव घ्यायची गरज पडत नाही. कुणी नाखवा म्हटलं की त्यात होडी आली, घर आलं, दर्यातली मेहनत आली. 'मिस्टर' म्हटलेलं आमच्या म्हाताऱ्यांना परकं वाटतं.

माटुंगा_पूर्व

माझे वडील तमिळ, आई मराठी. बॅलार्डपिअर ताई, तुमच्या यादीत तमिळ नाव असेल तर 'आडनाव शोधा' हा नियम मोडतोच. एस. रामनाथन म्हटलं तर 'एस' हे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि रामनाथन हे त्याचं स्वतःचं नाव. तेव्हा 'मिस्टर रामनाथन' म्हणताना सगळं जग त्याला पहिल्या नावानेच मिस्टर म्हणतंय आणि तेच बरोबर आहे. मुंबईतल्या फॉर्मांवर आडनावाचा चौकोन सक्तीचा असतो, तिथे आमच्या घरात प्रत्येक पिढीचं 'आडनाव' वेगळं भरलं गेलं. बँक, शाळा, पासपोर्ट, सगळीकडे समजावत बसावं लागलं.

तमिळमध्ये श्री ऐवजी 'तिरु' लिहितात. १९६७ मध्ये द्रमुकचं सरकार आल्यावर सरकारी कागदांत संस्कृत 'श्री' च्या जागी 'तिरु' आलं. आमच्या आजोबांच्या दृष्टीने ती अभिमानाची गोष्ट होती. तेलुगूत नावापुढे 'गारू' लावतात, ते स्त्रीपुरुष दोघांनाही चालतं.

मोडीवाचक

मराठीतलं जुनं थोडं सांगतो. पेशवेकाळातल्या पत्राचा मायनाच अर्धी ओळ खातो. 'राजश्रियाविराजित राजमान्य राजश्री अमुक गोसावी यांसी' असा मायना बरोबरीच्याला, 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' असा सरदाराला, 'वेदमूर्ती' शास्त्र्याला, 'तीर्थरूप' वडिलांना, 'तीर्थस्वरूप' वडिलांसारख्यांना, 'चिरंजीव' धाकट्याला. आपलं 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजेश्री याच झाडाची शेवटची फांदी. आजोबांच्या पोस्टकार्डांवर ते हमखास असे, आणि मजकुराची सुरुवात 'सा. न. वि. वि.' ने, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मायना पाहूनच लिहिणारा मोठा की ज्याला लिहिलं तो मोठा, नातं काय, हे कळायचं. पत्र फाटून खालचा भाग हरवला असला तरी मायन्यावरून बराच माग लागतो.

उत्तरेत 'श्री' किती वेळा लिहायचा याचाही हिशेब होता: गुरूला सहा, मालकाला पाच, शत्रूला चार, मित्राला तीन, नोकराला दोन, मुलाला आणि बायकोला एक. शत्रू मित्राच्या वर आहे हे लक्षात घ्या. पुढे 'श्री १०८' अशी आकड्याची पद्धत आली ती यातूनच.

लग्नपत्रिकेत वर पस्तिशीचा असला तरी 'चि.' च असतो. हे मला फार आवडतं, कारण ती पत्रिका घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावाने निघते आणि त्यांच्या दृष्टीने तो चिरंजीवच.

नायगावकर

मोडीवाचक, मायन्यांची माहिती चांगली आहे. पण हे सगळे मायने ज्यांना लिहिले जात त्यांचीच पत्रं दप्तरात आहेत. ज्यांना एकही मायना मिळाला नाही त्यांचंही बोललं पाहिजे.

कोरेगावच्या जयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात 'नाक' ने संपणारी नावं वाचा. ही महार सैनिकांची नावं. 'राव' नाही, 'पंत' नाही, 'जी' सुद्धा नाही. नावाच्या शेपटावरूनच जात कळावी अशी ती व्यवस्था होती. गावात म्हाताऱ्या माणसाला पोरसोरं एकेरी हाक मारत, नाव मोडून मारत. माझ्या आजोबांनी हे ऐकलेलं आहे. ते मुंबईत गिरणीत लागले आणि बीडीडी चाळीत राहायला आले. तिथे युनियनच्या पत्रावर त्यांच्या नावाआधी 'कॉ.' लागलं. पहिल्यांदा कुणीतरी लेखी मान दिला तो 'कॉम्रेड' म्हणून. शेतकरी कामगार पक्षात एकमेकांना 'भाई' म्हणत. या शहरात पुढे त्या शब्दाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण मूळ तो बरोबरीचा शब्द होता.

आणि १९५६ नंतर आमच्या घरच्या पत्रिका पाहा. 'श्री.' च्या जागी 'आयु.' म्हणजे आयुष्मान. बाईला आयुष्मती. वारलेल्या माणसाला 'कै.' किंवा 'वै.' नाही, 'कालकथित', कारण कैलास आणि वैकुंठ आमचे नाहीत. हा बदल कुठल्या सरकारने केलेला नाही. घराघरांतून, पत्रिका छापणाऱ्या प्रेसला समजावून सांगत सांगत झालेला आहे. अजून काही ठिकाणी छापणारा 'आयु.' खोडून 'श्री.' करतो आणि परत दुरुस्त करायला लावावं लागतं. बॅलार्डपिअर ताई, तुमच्या टिपणात मराठीच्या रकान्यात 'आयु.' जरूर घाला.

महात्मा फुल्यांना 'महात्मा' ही पदवी ११ मे १८८८ ला इथेच, मांडवी कोळीवाड्यात, लोकांनी दिली. सरकारी रावबहादुरीपेक्षा ती मोठी. आणि बाबासाहेबांना 'बाबासाहेब' म्हणतो त्यात 'साहेब' आहे, जो एरवी गोऱ्या अधिकाऱ्याला लागायचा.

अमेय, तुम्ही उपपदं सोडा म्हणता. ज्याच्या घरात चार पिढ्या 'पंत' आणि 'राव' आहेत त्याला ते सोडणं सोपं आहे. ज्याच्या घरात पहिल्यांदा 'साहेब' म्हणवून घेणारा माणूस झाला, त्याला पहिल्या नावाने हाक मारून 'आपण सगळे सारखे' म्हणणं वेगळं पडतं. आधी सगळ्यांना सारखं मिळू दे, मग सगळे मिळून सोडू.

अमेय_गोरेगाव

नायगावकर, हे वाचून थांबलो. आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने बोलवतात, पण हाऊसकीपिंगच्या काकांनी आम्हाला 'सर' म्हणायचं आणि आम्ही त्यांना नुसतं नावाने, वयाने ते वडिलांएवढे असूनही. ही बरोबरी ज्यांच्यात आहे त्यांच्यातच फिरते. माझं मूळ मत कायम आहे, की उपपदाविना जग चांगलं. पण सुरुवात वरच्या टोकापासून व्हावी, हे तुमचं म्हणणं मान्य.

मुद्रितशोधक

नायगावकर, 'कालकथित' चं प्रुफात 'कै.' होतं हे मी पाहिलेलं आहे. छोट्या जाहिरातींच्या डेस्कवर नवीन माणूस आला की हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. जाहिरात ज्याची, शब्द त्याचाच राहिला पाहिजे.

शीवकर_डॉक्टर

एक वेगळी नोंद. ब्रिटनमध्ये सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात. मी तिथे काही काळ काम केलंय. एमबीबीएस झाला की माणूस डॉक्टर होतो, आणि रॉयल कॉलेजची सर्जरीची परीक्षा पास झाला की परत मिस्टर होतो. आणि तो मिस्टर अभिमानाने लावतात.

कारण इतिहासात आहे. पूर्वी फिजिशियन विद्यापीठात शिकून पदवी घेत, म्हणून ते डॉक्टर. सर्जन मात्र उमेदवारी करून शिकत, न्हाव्यांच्या बरोबरीने. लंडनमध्ये १५४० मध्ये न्हावी आणि सर्जन यांची एकच कंपनी होती. १७४५ मध्ये ते वेगळे झाले. पदवी नसल्याने सर्जन मिस्टरच राहिले, आणि पुढे शिक्षण, पदव्या, प्रतिष्ठा सगळं मिळाल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. हलकं समजलं गेलेलं उपपद त्या लोकांनीच मानाचं करून टाकलं. नायगावकरांनी 'कॉम्रेड' आणि 'आयुष्मान' बद्दल लिहिलं त्यावरून हे आठवलं.

मुंबईत हे चालत नाही. इथे सर्जनच्या पाटीवर 'डॉ.' नसेल तर रुग्ण आत येणार नाहीत.

पार्लेकर_नाट्यवेडा

इंग्रजीत 'मास्टर' हे लहान मुलाच्या नावाआधी लागतं, मोठा झाला की मिस्टर. आपल्या संगीत रंगभूमीवर मात्र पोरवयात नाटक कंपनीत आलेल्या नटांना लागलेलं 'मास्टर' जन्मभर टिकलं. मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव. आमच्या पार्ल्यातलं नाट्यगृह दीनानाथांच्याच नावाचं आहे. जाहिरातीत 'मा. दीनानाथ' छापलेलं असतं ते हल्लीची मुलं 'माननीय' वाचतात. त्यांना सांगितलं पाहिजे, कारण त्या 'मा.' मध्ये कोवळ्या वयात घर सोडून कंपनीबरोबर गावोगाव फिरणारी मुलं आहेत.

गाण्यातही घराण्याप्रमाणे, धर्माप्रमाणे उपपद बदलतं: बुवा, पंडित, उस्ताद, खाँसाहेब. भास्करबुवा बखल्यांना कुणी पंडित बखले म्हटलं तर कानाला लागतं.

शिक्षणातलं एक अस्सल मराठी उदाहरण: रँग्लर परांजपे. केंब्रिजला गणितात १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि तो परीक्षेचा निकाल मराठी माणसाने त्यांच्या नावाआधी कायमचा लावला. नंतर सरकारने 'सर' केलं, पण लोकांच्या तोंडी रँग्लरच.

मेधा_चारकोप

पुरुषांचा धागा आहे हे मान्य, तरी एवढं लिहू द्या. 'श्री.' वरून लग्न झालंय की नाही हे कळत नाही, कधीच कळत नव्हतं. कु., सौ., गं. भा. या प्रत्येकातून ते कळतं. फ्रान्सने २०१२ मध्ये सरकारी फॉर्मांतून 'मादम्वाझेल' काढलं तेव्हा हाच मुद्दा होता: अविवाहित पुरुषाला वेगळा शब्द नाही तर बाईला का? जर्मनीत 'फ्रॉइलाइन' सत्तरच्या दशकातच सरकारी कागदांतून गेलं. आपल्या सोसायटीच्या बिलांवर अजून रकाना आहे. आमच्या सोसायटीत मी सगळ्यांना 'श्रीमती' करायला लावलं, आणि तो शब्द फक्त विधवेसाठी नाही हे वर्षभर समजावलं.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात. संविधानाच्या कलम १८ नुसार सैनिकी किंवा शैक्षणिक मान सोडून सरकार कुणाला किताब देऊ शकत नाही. म्हणजे रावबहादूर, खानबहादूर, सर, सगळं संपलं. पद्म पुरस्कार आणि भारतरत्न हे किताब नाहीत, म्हणून ते चालतात, पण नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बालाजी राघवन प्रकरणात स्पष्ट केलं. सत्कार समारंभांच्या बॅनरवर 'पद्मश्री अमुक' सर्रास छापतात, ते या निकालाच्या विरुद्ध आहे. कॅप्टन, डॉक्टर यांना अडचण नाही. 'श्री', 'साहेब', 'आयुष्मान' हे लोकांचे शब्द, त्यांच्याशी कलम १८ चा संबंध नाही.

साधं 'मिस्टर' सुद्धा प्रसंगी किती जड होतं याचं एक मुंबईशी जोडलेलं उदाहरण. डिसेंबर १९२० चं नागपूर काँग्रेस अधिवेशन. बॅरिस्टर जिनांनी भाषणात 'मिस्टर गांधी' म्हटलं आणि मंडपातून 'महात्मा गांधी' म्हणा असा ओरडा झाला. जिना मुंबई हायकोर्टातले वकील. कोर्टात समोरच्या वकिलालाही मिस्टरच म्हणायचं, त्यात अनादर नसतो. मंडपातल्या लोकांना मात्र तो अनादर वाटला. बोलणारा आणि ऐकणारे एकच शब्द दोन ठिकाणांहून घेत होते.

ठाणे_दिंडी

वारीत सगळा प्रश्नच मिटतो. पुरुष असो, बाई असो, पोलीस असो, एकमेकांना 'माऊली'. पाणी देणारा माऊली, घेणारा माऊली. कीर्तनकाराला पत्रिकेवर 'ह. भ. प.' लावतात, पण वाटेत तोही माऊलीच.

बॅलार्डपिअर

सगळ्यांचे आभार. टिपण जवळजवळ तयार आहे. नायगावकर, मराठीच्या रकान्यात 'आयु.' घातलं. वरिष्ठांनी वाचलं आणि 'आधी माणसाने स्वतःच्या मेलखाली सही कशी केलीय ते पाहा, मग लिहा' ही ओळ त्यांनी स्वतः सगळ्यात वर टाकायला सांगितली. मुलाचा 'मेहमेत बे' फोनपुरता मंजूर झाला.

एक शंका उरली आहे. कंपन्यांना आपण सर्रास 'मे.' म्हणजे मेसर्स लावतो. लिमिटेड कंपनीलाही लावायचं का?

काळा_कोट

मेसर्स हे मिस्टरचं अनेकवचन, फ्रेंच 'मेस्यू' वरून. म्हणजे माणसांना लागणारं. 'शहा आणि मेहता' अशी भागीदारी असेल तर ते योग्य, कारण त्यात दोन गृहस्थ आहेत. लिमिटेड कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती, तिला इंग्रजी रिवाजाप्रमाणे मेसर्स लागत नाही. आपल्याकडे जीएसटीच्या बिलापासून टेंडरपर्यंत सगळीकडे लावतात, त्याने कायद्याचं काही बिघडत नाही. पण परदेशी मालकांना पत्र लिहिताना लिमिटेडच्या आधीचं 'मेसर्स' काढून टाका.

अनुवादिनी

आणि पत्र जर्मन कंपनीला असेल तर 'फर्मा' आणि पुढे कंपनीचं नाव असं पूर्वी लिहीत, आता नुसतं नाव पुरतं. आतल्या माणसाचं नाव माहीत असेल तर कंपनीच्या खालच्या ओळीत 'हेर्न' आणि त्याचं पूर्ण नाव लिहा. टिपण झालं की इथे टाकाल का? आमच्या अनुवादकांच्या गटालाही उपयोगी पडेल.